एवढा चमकणारा बांगडा पाण्यात दिसत का नाही? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात समुद्रातल्या प्राण्यांबद्दल लिहिताना एक वाक्य होतं की तिथले बरेचसे रंग दिसण्यासाठी नाही तर लपण्यासाठी असतात. त्यावर इतके मेल आणि पत्रं आलीत की या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही थोडे छोटे केलेत.

नमस्कार ताई. आमच्याकडे आठवड्यातून दोन-तीनदा तरी बांगडा नाहीतर तारली असतेच. साफ करताना नेहमी मनात येतं की हा मासा एवढा चकचकीत, पोट तर नुसती चांदी, मग हा लपतो असं कसं म्हणता? उलट लांबूनच दिसायला पाहिजे ना? (एक गृहिणी, रत्नागिरी)

ताई, तुम्ही बांगडा बघता तो ताटात आडवा पडलेला, आणि उजेड येतो तो ट्यूबलाइटचा किंवा खिडकीतून एकाच बाजूने. समुद्रात त्याला असं कोणी बघतच नाही. तिथे त्याला बघणारे तीन बाजूंनी असतात, वरून पक्षी, खालून सुरमईसारखे मोठे मासे आणि बाजूने पण तेच, आणि या तिघांसाठी त्याच्या अंगावर वेगवेगळी सोय आहे. पूर्ण विषयातली मुख्य गोष्ट मला विचाराल तर हीच, की प्राण्याचा रंग बघून हा उठून दिसेल की लपेल हे ठरवताच येत नाही, कोण बघतंय, कुठून बघतंय आणि कुठल्या उजेडात हे आधी विचारावं लागतं.

वरून बघणाऱ्याला खाली गडद पाणी दिसतं म्हणून पाठ गडद हिरवी-निळी, खालून बघणाऱ्याला वर उजळ आकाश दिसतं म्हणून पोट फिकट, इथपर्यंत बऱ्याच जणांना माहिती असतं. पण यात अजून एक गंमत आहे जी पहिल्यांदा नीट मांडली ती एका चित्रकाराने. अमेरिकेतला ॲबट थेअर. चित्रकाराला रोजच्या कामातून माहिती असतं की कागदावर गोल वस्तू गोल दिसायला हवी असेल तर वरची बाजू उजळ आणि खालची सावलीत दाखवायची, शेडिंग केलं की आकार उठून येतो. थेअरने १८९६ मध्ये सांगितलं की प्राण्यांच्या अंगावर याच्या बरोबर उलटं शेडिंग असतं, जिथे ऊन पडतं तिथे गडद आणि जिथे सावली पडते तिथे फिकट, त्यामुळे दोन्ही एकमेकांना खोडतात आणि गोलाई नाहीशी होऊन प्राणी सपाट, आजूबाजूसारखा दिसतो. नुसतं सांगून थांबला नाही, पक्षी अभ्यासकांच्या सभेत रताळी तारेवर लावून जमिनीपासून थोडी वर आडवी ठेवली, काहींना वर गडद खाली पांढरं असं रंगवलं आणि लोकांना लांबून बघायला लावलं. रंगवलेली रताळी काही अंतरावरून दिसेनाशी झाली.

हाच थेअर नंतर जरा वाहवत गेला हेही सांगायला हवं, प्राण्यांचा प्रत्येक रंग लपण्यासाठीच असतो असं त्याने धरलं आणि फ्लेमिंगो गुलाबी असतात ते पहाटे-संध्याकाळच्या आकाशात लपायला असं लिहून टाकलं, त्यावर अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने जाहीर टीका केली होती. ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो बघितलेल्या कोणालाही हे पटणार नाही. पण माशांच्या बाबतीत त्याचं म्हणणं टिकलं. त्याला एक मस्त पुरावा म्हणजे आफ्रिकेतल्या काँगो नदीच्या खोऱ्यातला एक कॅटफिश, तो पाण्यात बहुतेक वेळ उलटा पोहतो, आणि त्याचं पोट गडद आणि पाठ फिकट असते! मत्स्यालयाच्या दुकानात कधीतरी मिळतो, मिळाला तर नक्की बघा.

आता चांदीचं. भर समुद्रात, जिथे तळ पण दिसत नाही आणि किनारा पण नाही, तिथे उजेड वरून जास्त आणि खालून कमी येतो, पण डावीकडून उजवीकडून पुढून मागून जवळपास सारखाच येतो. अशा ठिकाणी एखादा आरसा उभा धरला तर त्यात जे दिसेल ते त्याच्या मागे जे आहे त्याच्यासारखंच असेल, म्हणजे आरसा असून नसल्यासारखा. बांगडा, तारली, पापलेट यांच्या अंगाच्या बाजू म्हणजे हा उभा आरसा. तो बनतो ग्वानिन नावाच्या पदार्थाच्या अगदी पातळ स्फटिकांपासून, हे ग्वानिन म्हणजे आपल्या डीएनएमधल्या चार घटकांपैकी एक तेच. इंग्लंडमध्ये प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत एरिक डेंटन यांनी १९६० च्या दशकात या चंदेरी माशांचा बारकाईने अभ्यास केला, त्यांच्या लक्षात आलं की माशाचं अंग गोलसर असलं तरी आतले स्फटिक त्या गोलाईप्रमाणे वाकत नाहीत, ते जवळजवळ सरळ उभेच रचलेले असतात. म्हणजे गोल अंगावर सपाट आरसा. हे वाचलं तेव्हा मी त्या दिवशी दुसरं काही वाचलंच नाही.

पुढच्या वेळी तारली साफ कराल तेव्हा एक खवला बोटाच्या टोकावर घ्या आणि खिडकीकडे धरून हळूहळू फिरवा, एका कोनात लख्ख चमकेल आणि जरा फिरला की विझेल. जिवंत माशाचंही तेच होतं, सरळ पोहतोय तोवर दिसत नाही पण जरा तिरका झाला की चमक मारतो, थव्यातल्या एखाद्याची अशी चमक दिसली की शिकारी मासा तिकडेच वळतो. आणि आरशाची अडचण खालच्या बाजूला होते, वरून एवढा उजेड असतो की खालून पोटाची काळी सावली दिसणारच, म्हणून अशा बऱ्याच माशांचं पोट खाली निमुळतं झालेलं असतं. तारलीच्या पोटाची धार हाताला लागते ना, तीच.

ऑक्टोपसचा रंग बदलतानाचा व्हिडिओ आमच्या ग्रुपवर आला होता, दगडावर काहीच नव्हतं आणि अचानक ऑक्टोपस! हे एडिट केलेलं असतं का? आणि एका ठिकाणी वाचलं की ऑक्टोपसला रंग दिसतच नाहीत, मग मॅचिंग कसं करतो? (कॉलेज विद्यार्थी, पुणे. हाच प्रश्न अजून बऱ्याच जणांनी विचारलाय)

एडिट नसतं, खरंच तेवढ्या वेळात होतं, एका सेकंदाच्याही आत. आणि हो, रंग दिसत नाहीत हेही खरं आहे. दोन्ही कसं जमतं ते सांगते, जरा मोठं उत्तर आहे.

ऑक्टोपस, कटलफिश आणि स्क्विड हे सगळे एकाच घराण्यातले, यातल्या स्क्विड आणि कटलफिशला आपल्याकडे बाजारात सर्रास माकूल म्हणतात. यांच्या कातडीत रंगाच्या बारीक बारीक पिशव्या असतात, पिवळ्या, तांबूस आणि काळपट तपकिरी. प्रत्येक पिशवी लवचिक असते आणि तिच्या भोवती चारी बाजूंनी बारीक स्नायू लावलेले असतात. स्नायू आखडले की पिशवी छत्री उघडावी तशी ताणून पसरते आणि रंगाचा ठिपका मोठा दिसतो, स्नायू सैल पडले की पिशवी आपोआप मिटून टाचणीच्या टोकाएवढी होते. आता महत्त्वाचं हे की या स्नायूंकडे मेंदूतून थेट नसा येतात. सरड्यासारख्या प्राण्यांमध्ये रंग बदलायला बऱ्याचदा हार्मोन रक्तातून पोहोचावे लागतात, पेशीच्या आत बरंच काही हलावं लागतं, त्यात वेळ जातो. इथे हात हलवायला जेवढा वेळ लागतो तेवढाच रंग बदलायला लागतो कारण दोन्ही स्नायूंचंच काम. कटलफिशच्या अंगावर असे लाखो ठिपके असतात.

हे घरच्या घरी बघता येतं. अगदी ताजे, सकाळीच आलेले माकूल मिळाले तर साफ करायच्या आधी त्यांच्या पाठीवरच्या कातडीकडे जवळून बघा, तांबूस जांभळट ठिपके दिसतील, मोबाइलचा कॅमेरा झूम केला तर अजून छान. बोट हलकेच टेकवा. ठिपके फुलतात, मिटतात, एखाद्या भागातून लहर गेल्यासारखं होतं. प्राणी मेलेला असतो पण कातडीतले स्नायू आणि नसा अजून काही वेळ जिवंत असतात. जुन्या मालात हे होत नाही, त्यामुळे ताजेपणा ओळखायलाही उपयोग होतो.

ठिपक्यांच्या खाली अजून दोन थर आहेत. एका थरातल्या पेशी उजेड परावर्तित करून निळे-हिरवे चमकते रंग देतात, त्याच्याही खालच्या पेशी पांढऱ्या, जो उजेड पडेल तो तसाच परत फेकणाऱ्या. शिवाय ऑक्टोपस आणि कटलफिश कातडीवर टेंगळं आणि काटे उभे करतात, शेवाळ असेल तर शेवाळासारखी आणि दगड असेल तर दगडासारखी, आणि परत सपाट. व्हिडिओत तुम्हाला दगडच वाटला त्यात रंगाएवढाच या टेंगळांचा वाटा आहे, याबद्दल फार कोणी बोलत नाही.

आता मॅचिंग. अमेरिकेत वुड्स होलच्या सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत रॉजर हॅनलन यांनी कित्येक वर्षं कटलफिशवर काम केलं, टाकीच्या तळाला वेगवेगळे कागद घालून. साधा एकसारखा कागद असेल तर कटलफिश एकसारखा होतो, बारीक खडीसारखं असेल तर ठिपकेदार, आणि काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा बुद्धिबळाच्या पटासारखा कागद घातला आणि चौकडीचा आकार त्याच्या पाठीवरच्या पांढऱ्या चौकोनी डागाच्या जवळपास असला, तर तो अंगावर मोठे काळे-पांढरे तुकडे पाडतो. तो पटाची हुबेहूब नक्कल करत नाही हे लक्षात घ्या. अंगाची बाहेरची रेषा तोडतो, म्हणजे बघणाऱ्याला प्राणी कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो तेच कळत नाही. हजारो प्रकारच्या तळांसाठी हजारो डिझाइन नाहीत, मोजके दोन-तीन मुख्य प्रकार आहेत आणि त्यांची कमी-जास्त सरमिसळ, असं हॅनलन यांचं म्हणणं होतं. २०२३ मध्ये जर्मनीत फ्रँकफर्टच्या मॅक्स प्लँक संस्थेतल्या लोकांनी खूप बारीक रेकॉर्डिंग करून दाखवलं की प्रकरण त्यापेक्षा गुंतागुंतीचं आहे. कटलफिश एका डिझाइनवरून दुसऱ्यावर थेट उडी मारत नाही, मध्ये मध्ये थांबतो, थोडं वेगळीकडे जातो, परत सुधारतो, असं करत करत जुळवत आणतो. मला यातलं ते थांबून परत बघणं फार आवडतं.

आणि रंग? त्यांच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशींचा एकच प्रकार असतो, आपल्याकडे तीन असतात, त्यामुळे आपल्यासारखं लाल-हिरवं वेगळं काढता येत नाही. पण तीन-चार गोष्टी मदतीला येतात. एक, थोडं खोल गेलं की पाण्यात सगळंच निळसर-हिरवट होतं, तिथे उजेड-अंधार आणि नक्षी जुळली की बरंचसं काम झालं. दुसरं, खालचे चमकते आणि पांढरे थर आजूबाजूचाच उजेड परत फेकतात म्हणजे पाण्याचा रंग आपोआप अंगावर येतो, तो ओळखायची गरजच नाही. तिसरं, २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात असं दिसलं की एका जातीच्या ऑक्टोपसच्या कातडीत डोळ्यातल्यासारखीच उजेड ओळखणारी प्रथिनं आहेत आणि कातडीचा तुकडा वेगळा काढून त्यावर उजेड टाकला तरी ठिपके पसरतात, मेंदूशिवाय! पण हे हळू होतं आणि त्याने रंग कळतो असं अजून सिद्ध नाही. अजून एक कल्पना अशी की कटलफिशच्या डोळ्याची बाहुली वेड्यावाकड्या आकाराची असते, त्यामुळे वेगवेगळे रंग वेगवेगळ्या ठिकाणी फोकस होतात आणि त्यावरून रंगाचा अंदाज येत असेल, यावर शास्त्रज्ञांमध्ये वाद चालू आहे. मला स्वतःला पहिली दोन कारणं सगळ्यात वजनदार वाटतात.

जाता जाता, पिंजऱ्यातल्या पोपटाला चोच घासायला पांढरं हाडासारखं देतात, आयुर्वेदाच्या दुकानात समुद्रफेन म्हणून मिळतं, ते याच कटलफिशच्या पाठीच्या आतलं कवच.

लेप मासा एका बाजूने वाळूसारखा आणि दुसऱ्या बाजूने पांढरा का असतो? तो पण रंग बदलतो का? आणि खरंच याने जीव वाचतो का की आपण नुसतं समजतो? (मालवण)

लेप तळाला एका कुशीवर पडून राहतो, जी बाजू वर तिला रंग, जी वाळूला टेकलेली तिला कोण बघणार म्हणून पांढरी. पिल्लू असताना त्याचे डोळे बाकी माशांसारखे दोन्ही बाजूंना असतात, मोठं होताना एक डोळा डोक्यावरून सरकत दुसऱ्या बाजूला येतो. आपल्याकडच्या लेपाचे दोन्ही डोळे डाव्या बाजूला असतात.

रंग बदलतात, या चपट्या माशांपैकी काही जाती तर फारच पटकन. फ्रान्सिस समनर नावाच्या शास्त्रज्ञाने इटलीत नेपल्सला यांना वेगवेगळ्या नक्षीच्या तळांवर ठेवून फोटो काढले होते, १९११ मध्ये ते छापून आले, आणि लोकांचा विश्वास बसत नव्हता. १९९६ मध्ये विलयनूर रामचंद्रन, आपले मूळचे तमिळनाडूचे मेंदूशास्त्रज्ञ, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उष्ण समुद्रातल्या चपट्या माशांवर प्रयोग केले, तर मासे २ ते ८ सेकंदात तळाशी जुळवून घेत होते. इथे माकुलासारख्या स्नायूंच्या पिशव्या नसतात, माशाच्या रंगपेशीच्या आत रंगाचे कण असतात ते पेशीभर पसरले की गडद आणि मध्ये गोळा झाले की फिकट. हुकूम येतो तो डोळ्यांनी बघितलेल्यावरून.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडला कारण तो फार कमी लोक विचारतात. याच समनरने १९३० च्या दशकात तो तपासला. डासांच्या अळ्या खाणारे गंबुसिया मासे आपल्याकडेही विहिरीत, डबक्यात सोडतात, त्याने त्यातले काही काळ्या टाकीत आणि काही पांढऱ्या टाकीत बरेच दिवस ठेवले म्हणजे एक गट गडद झाला आणि एक फिकट. मग दोन्ही गट एकत्र सोडले आणि त्यांच्यावर शिकारी सोडले, पेंग्विन, बगळे आणि मोठे मासे. ज्यांचा रंग टाकीशी जुळत नव्हता ते जास्त खाल्ले गेले. टाकीचा रंग बदलला की मरणारा गट बदलला. म्हणजे हो, खरंच जीव वाचतो, सगळ्यांचा नाही पण जास्त जणांचा, आणि पिढ्यानपिढ्या तेवढा फरक पुरतो.

खोल समुद्रात अंधार असतो तर तिथले प्राणी लाल का असतात? लाल तर सगळ्यात जास्त दिसतो. (इयत्ता सहावी, पनवेल)

बाळा, लाल सगळ्यात जास्त दिसतो तो जमिनीवर, म्हणून तर सिग्नल लाल असतो. पाण्यात उलटं आहे. पाणी लाल उजेड सगळ्यात आधी गिळतं, वरच्या काही मीटरमध्येच तो बराचसा संपतो, निळा उजेड मात्र खूप खोल जातो. साधारण २०० मीटरच्या खाली अगदी मंद निळा उजेड उरतो आणि १००० मीटरच्या खाली सूर्याचा उजेड नाहीच. एखादी वस्तू लाल दिसते कारण ती लाल उजेड परत फेकते. पण जिथे लाल उजेड पोहोचतच नाही तिथे ती काय परत फेकणार? तिथे लाल कोळंबी काळी दिसते, म्हणजे अंधारात अंधार.

मग तू विचारशील की सरळ काळंच का नाही. काळे पण आहेत, आणि साधे काळे नाहीत. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी खोल समुद्रातल्या १६ जातींचे असे मासे मोजले की त्यांच्यावर पडलेल्या उजेडातला अर्ध्या टक्क्याहून कमी उजेड परत येतो, फोटो काढायला गेलं तर फोटोत नुसतं माशाच्या आकाराचं भोक दिसतं. एवढं काळं कशाला, तर तिथले कितीतरी प्राणी स्वतःच उजेड पाडतात आणि त्या उजेडात शोधाशोध करतात, त्यांच्या टॉर्चमध्ये चमकायचं नाही म्हणून.

आणि त्याच्या मधल्या थरात, जिथे वरून थोडासा निळा उजेड येतो, तिथे हॅचेटफिश नावाचा एक चपटा छोटा मासा आहे, त्याच्या पोटाला दिव्यांच्या रांगा असतात. तो ते दिवे वरून येणाऱ्या उजेडाएवढेच लावतो, म्हणजे खालून बघणाऱ्याला त्याची सावलीच दिसत नाही. बांगड्याला पोटाकडून जी अडचण होते ना, वरच्या उत्तरात लिहिलीये, ती याने दिवे लावून सोडवली.

एक मासा मात्र लाल टॉर्च घेऊन फिरतो, मॅलाकोस्टियस. बाकीच्या बहुतेकांना लाल दिसत नाही, याला दिसतो, त्यामुळे त्याच्यापुढे लाल कोळंबीचं काही चालत नाही. तुझा प्रश्न खूप चांगला होता, असेच पाठवत जा.

प्रवाळातले मासे एवढे भडक असतात, निळे, पिवळे, पट्टेवाले. त्यांना लपायचं नसतं का? (नाशिक)

काहींना नसतं. नीलवलयी ऑक्टोपसच्या लाळेत जीवघेणं विष असतं, एरवी तो पिवळट तपकिरी होऊन दगडात बसलेला असतो पण छेडलं की अंगावरची निळी वर्तुळं सेकंदाच्या एक तृतीयांश वेळात लखलखतात, म्हणजे लांब राहा. बऱ्याच रंगीत समुद्री गोगलगायींचंही तसंच, अंगात विष किंवा वाईट चव आणि बाहेर भडक रंग.

पण सगळेच भडक मासे विषारी नाहीत आणि इथे परत कोण बघतंय हा प्रश्न येतो. आपली नजर फार तीक्ष्ण आहे, माशांची तेवढी नसते. ऑस्ट्रेलियातल्या जस्टिन मार्शल यांनी दाखवलंय की निळे-पिवळे बारीक पट्टे जवळून अगदी उठून दिसतात पण लांबून माशाच्या डोळ्याला ते एकमेकांत मिसळून प्रवाळासारखेच किंवा पाण्यासारखे दिसतात. म्हणजे जवळ असलेल्या जोडीदाराला ओळख पटते आणि लांबच्या शत्रूला काही कळत नाही. त्याहून भारी म्हणजे अंबोन डॅमसेल नावाचा पिवळा मासा. आपल्याला तो साधा पिवळा दिसतो, पण त्याच्या चेहऱ्यावर अल्ट्राव्हायोलेटमध्ये बारीक नक्षी असते आणि प्रत्येक जातीची वेगळी. त्याला ती दिसते, त्याला खाणाऱ्या बऱ्याच मोठ्या माशांना दिसत नाही.

यातलं काही आपल्या किनाऱ्यावर बघायला मिळेल का? स्कूबा वगैरे करायला जमणार नाही, वय झालंय. (ठाणे)

भरपूर मिळेल काका, आणि पाण्यात उतरायची पण गरज नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा ओहोटीला पाणी खूप मागे जातं आणि खडकाळ किनारे उघडे पडतात, मुंबईत सुद्धा. भांगेच्या दिवसात, म्हणजे अष्टमीच्या आसपास, जाऊ नका, पाणी फारसं हटत नाही. ओहोटीची वेळ आधी बघून ठेवा आणि पाणी सगळ्यात खाली जायच्या तासभर आधी पोहोचा, परतीचं पाणी चढायला लागलं की निघा. शेवाळलेल्या खडकावर चपलेचा तळवा चांगला पाहिजे आणि कोणीतरी सोबत असू दे.

खडकातल्या एका डबक्यापाशी बसा आणि हलू नका. आपली सावली पाण्यावर पडू देऊ नका. सुरुवातीला काहीच दिसत नाही आणि लोक तिथेच कंटाळून उठतात, पण थोड्या वेळाने तळाचा एखादा तुकडा सरकतो आणि कळतं की तो मासा होता. रंग शोधत बसलात तर हरवाल, त्यांचं सगळं कसब रंगातच आहे. डोळा शोधा, सावली शोधा, हालचाल शोधा. काचेसारखी पारदर्शक कोळंबी अशीच सापडते, आधी तिची सावली तळावर दिसते आणि मग ती.

वाळूच्या किनाऱ्यावर असाल तर भुरकट खेकडे बघा, ते जे सुसाट तिरके धावतात आणि थांबले की गायब होतात. सिंगापूरला यांच्यातल्या एका जातीचा अभ्यास झालाय, ती जात आपल्याकडेही आहे, हे खेकडे दिवसा फिकट आणि रात्री गडद होतात. एकाच किनाऱ्यावर दुपारी फोटो काढा आणि काळोख पडल्यावर टॉर्चने बघा.

दगड उचलला तर जसा होता तसाच परत ठेवा ही विनंती. खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हासाठी बनलेलेच नसतात, उलटा राहिला तर काही वेळात मरतात, आणि दगडाखाली राहणाऱ्याला वर लपायला काही नसतं. सुंदर नक्षीचा निमुळता शंख जिवंत असेल तर हातात घेऊ नका, कोन शंखाचा डंख विषारी असतो.

आणि उथळ पाण्यात चालायचं झालं तर पाय उचलून टाकू नका, वाळूवर घासत घासत चाला. पाकट (चपटा स्टिंगरे मासा) वाळू अंगावर ओढून पडलेलं असतं, नुसते डोळे बाहेर, कितीही बघितलं तरी दिसत नाही, पाय पडला की शेपटीचा काटा मारतं. २०१३ मध्ये गणपती विसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर बऱ्याच जणांना असा काटा लागला होता. पाय घासत आलात तर त्याला आधीच कळतं आणि ते निघून जातं. तरी लागलाच तर सोसवेल एवढ्या गरम पाण्यात पाय बुडवा, वेदना कमी होतात, आणि काट्याचा तुकडा आत राहिलेला असू शकतो म्हणून लगेच डॉक्टरकडे जा.